परमिटवरचा संसार

शुभदा,

तू गेल्याचा निरोप सिंगापुरातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला तो असा : "कु. शुभदा यांचं अल्पशा आजाराने निधन झालं. त्या चोआ चू कांगला एकट्याच राहत असत. शेवटच्या दिवसांत त्यांच्या हेल्परने त्यांची मनोभावे सेवा केली." खाली ओळीने जोडलेले हात. त्यांत माझेही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तू 'कुमारी' म्हणून गेलीस. आणि चौदा वर्षं जिच्या सोबतीने काढलीस, ती बाई 'हेल्पर', म्हणजे घरची मोलकरीण, म्हणून उरली. मी टाइप केलं होतं, "त्या एकट्या राहत नव्हत्या." मग पुसून टाकलं. ग्रेस तेव्हा अजून इथेच होती, तिचं वर्क परमिट तुझ्या नावावर होतं, आणि त्या ग्रुपवर दीडशे माणसं आहेत. आता ती इथे नाही. जाण्याआधी मी तिला विचारलं होतं, लिहू का म्हणून. ती म्हणाली, "लिहा सर. फक्त माझ्या गावाचं नाव नको."

आपली ओळख लग्नावरून झाली, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बावीस वर्षं झाली त्याला. मी नाशिकहून इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, बँकेत होतो. तू मिरजेची, माझ्या बँकेजवळच तांजोंग पगारला एका जहाज कंपनीच्या अकाउंट्समध्ये. गणपतीच्या आरतीनंतर एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "मुलगी पाच वर्षांनी मोठी आहे, पण स्वभावाने सोनं आहे. एकदा भेटून तर घे." तुलाही त्यांनी घेरलंच होतं. म्हणून बुधवारी दुपारी आपण हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये समोरासमोर बसलो. मी नकार पाठ करून आलो होतो.

"शुभदाताई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, पण..."

"ताई म्हणालास ना? मग संपलंच," तू म्हणालीस. "काकूंना सांगू, बघायच्या कार्यक्रमातच भाऊ-बहीण झालो."

मी हसलो. मग म्हणालो, "मला लग्नच करायचं नाहीये."

"मलाही नाही. तुला का नाही?"

एवढा धीर मला कुठून आला कुणास ठाऊक. घरी आईला सांगितलं नव्हतं, ऑफिसात कुणाला नाही. "मला मुली आवडत नाहीत," मी म्हणालो.

तुझा घास हातातच राहिला. माझ्याकडे नीट बघून तू म्हणालीस, "मला आवडतात."

त्यानंतर आपण दोघं इतके हसलो की शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा आपली वाटी उचलून दुसरीकडे जाऊन बसले. काकूंना कळवलं, पत्रिका जुळत नाही.

मी तेव्हा जुरोंग ईस्टला भाड्याच्या खोलीत राहत होतो. संध्याकाळी तिथपर्यंत आपण एकाच एमआरटीने यायचो. मग तू चोआ चू कांगची गाडी धरायचीस. खरं म्हणजे धरायची नाहीसच. एक सोडायचीस, दुसरी सोडायचीस, कारण बोलणं संपलेलं नसायचं. त्याच फलाटावर काही वर्षांनी तुझ्या बोलण्यात एक नाव यायला लागलं. ग्रेस.

तुझ्या मजल्यावर, तीन दारं सोडून, एका चिनी आजींना सांभाळायला ती परदेशातून आली होती, त्यांच्याच घरी राहायची. तू कॉरिडॉरमध्ये रंगाच्या जुन्या डब्यात अळू लावला होतास. आजींची खुर्ची ढकलत ती तिथे थांबली आणि तिने विचारलं, "मॅम, ही पानं तुम्ही खाता?"

"हो. तुम्ही?"

"आम्ही नारळाच्या दुधात शिजवतो. खूप मिरच्या घालून."

"आम्ही चिंच-गुळात."

पुढच्या आठवड्यात डबे इकडून तिकडे गेले. मला वाटलं, बरी शेजारीण मिळाली हिला. मग एक दिवस फलाटावर, गाडीचं दार उघडलेलं असताना, तू म्हणालीस, "हेमंत, मला रविवारची वाट बघायची सवय लागलीय. या वयात!" आणि लाजून चढलीस. मी तुला लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

रविवार म्हणजे तिची सुटी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. अकरा वर्षं तुमचा संसार तेवढ्यात चालला. तू आमच्याबरोबर सिनेमाला येईनाशी झालीस, रविवारची जेवणं टाळायला लागलीस. मी चिडवायचो, "तुझं आपलं चर्चसारखं झालंय, दर रविवारी!" तू म्हणायचीस, "चर्चला ती सकाळी जाऊन येते. उरते ती माझी." हे कुणाला कळलं असतं तर आजींच्या मुलाने तिला आठवड्याभरात विमानात बसवलं असतं. माणूस वाईट नव्हता तो. पण कुठल्या घरात चालवून घेतील?

आता ती गोष्ट लिहितो, जी तुझ्याशी कधी नीट बोललो नाही.

संसदेत पुरुषांवरचं ते जुनं कलम रद्द झालं, तेव्हाची. पुरुषाने पुरुषाबरोबर असणं हा गुन्हा राहिला नाही. त्याच वेळी, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री या व्याख्येला कोर्टात कुणी आव्हान देऊ नये अशी तजवीजही राज्यघटनेत करून टाकली. पण त्या आठवड्यात आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. केल्विन आणि मी, एव्हाना तांजोंग पगारच्या कॉन्डोत एकत्र राहणारे, आम्ही रविवारी वीसेक जणांना घरी बोलावलं. बँकेतले, वकील, दोन डॉक्टर. बहुतेक सगळे पुरुष. आणि तू पहिल्यांदाच ग्रेसला घेऊन आलीस. तिने पिवळा ड्रेस घातला होता, मुद्दाम त्या दिवसासाठी मागवलेला. दारात तू मला म्हणालीस, "ही ग्रेस," आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी तिला मिठीसुद्धा मारली.

तासाभराने कुणीतरी तिच्या हातात रिकामा ग्लास दिला. तिने घेतला. मग दुसऱ्याने प्लेट दिली. तीही घेतली. आणि मग मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालो, "ग्रेस, बर्फ संपलाय, जरा बघतेस का?"

वीस माणसं होती, शुभदा. केल्विन होता. मी स्वतः होतो. त्या सगळ्यांतून तिचंच नाव माझ्या जिभेवर आलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलंही नाही. तुला वाटलं. कुणीतरी ग्लास वर करून म्हणत होतं, "आजपासून आपण सगळे सारखे!" आणि तू प्लेट टेबलावर ठेवून तिची पर्स शोधत होतीस.

लिफ्टपाशी मी तुला गाठलं. तू मराठीत बोललीस, तिला कळू नये म्हणून.

"मी तिला पाहुणी म्हणून आणलं होतं."

"अगं, चुकून बोलून गेलो..."

"चुकूनच. मुद्दाम बोलला असतास तर भांडता आलं असतं." "तुमच्यावर कलम होतं, ते गेलं. चांगलं झालं, मला खरंच आनंद आहे. पण बायकांवर कलमच नव्हतं, हेमंत. दोन बायका एकमेकींच्या असू शकतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. निदान गुन्हेगार म्हणून तरी तुम्हाला मोजलं. आणि ही... हिला सातच्या आत घरी जायचंय."

ग्रेसला शब्द कळले नाहीत, सूर कळला. लिफ्टचं दार बंद होता होता ती म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, सर. फ्रिजजवळ मीच होते."

दोन महिने तू माझा फोन घेतला नाहीस. मी माफी मागितली नाही. मला वाटायचं, एवढं काय झालं? नंतर तू आपणहून बोलायला लागलीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तुझा राग संपला असं मी समजलो. तू फक्त मला बोलावणं थांबवलं होतंस, त्या घरी, जिथे ती होती.

पुढच्याच वर्षी त्या आजी गेल्या. जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये आपण कॉफी घेत होतो. नवा मालक मिळाला नाही तर ग्रेसला परत जावं लागणार, असं तू सांगितलंस.

"मग तूच ठेव ना तिला!" मी म्हणालो. "तू सिटिझन, तुझी नोकरी, तुझा स्वतःचा फ्लॅट. कायद्याची काही अडचण नाही. एका छताखाली राहाल. बघ, किती सोपं आहे!"

"फॉर्म भरूनच आलेय," तू म्हणालीस.

मी टाळी द्यायला हात पुढे केला. तू दिली नाहीस. कपाकडे बघत म्हणालीस, "तू आता केल्विनशी लग्न करणारेस. आणि मी माझ्या माणसाला नोकरीवर ठेवलं."

ग्रेस चार दिवस तयार नव्हती, हे मला पुढे तिच्याकडूनच कळलं. "तुझ्याकडून पगार घेतला की मग मी तुझी कोण?" असं तिने विचारलं होतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "ठीक आहे. पण भांडी आळीपाळीने."

त्या तीन वर्षांतलं तू मला थोडं थोडं सांगत राहिलीस, बहुतेक वेळा हसत. दर सहा महिन्यांनी हेल्परची तपासणी करून आणावी लागते, तिला दिवस तर गेले नाहीत ना, ते बघायला. पहिल्या वेळी क्लिनिकबाहेर तुम्ही दोघी हसून बेजार झाला होतात. "मालक म्हणून मला जबाबदारीने वागायला सांगितलंय," तू म्हणालीस. आणि रविवार! अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, त्या दिवशी आता ग्रेस बाहेर जायची. हेल्पर सुटीच्या दिवशीही घरातच बसून राहिली तर शेजारी काय म्हणतील? ती मैत्रिणींबरोबर बागेत जाऊन बसायची आणि तू घरी एकटी वर्तमानपत्र वाचायचीस. "सहा दिवस ती माझी, सातव्या दिवशी ती सुटीवर," असं तू एकदा फोनवर म्हणालीस. त्या दिवशी हसली नव्हतीस.

आमचं लग्न मेलबर्नला झालं. मी म्हणालो होतो, ग्रेसलाही आण. तू विचारलंस, "काय म्हणून आणू?" तू एकटी आलीस, तुझी ठेवणीतली मोरपिशी साडी नेसून, आणि साक्षीदार म्हणून सही केलीस. संध्याकाळी नदीकाठी आपण दोघंच बसलो होतो आणि तू वाद उकरून काढलास. माझ्या लग्नाच्या दिवशी! तुझ्याशिवाय दुसरं कोण करणार?

"उद्या हाच कायदा सिंगापुरात आला तर तुमचं लग्न तिथे धरलं जाईल. आमचं?"

"तुमचंही. दोघांना एक न्याय आणि दोघींना दुसरा, असा कायदा कसा असेल?"

"वर्क परमिटवर आलेल्या बाईला तिथल्या माणसाशी लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी लागते, माहितीये? पुरुषाशी करायचं तरी. तो नियम कोण बदलणार? तुझ्या त्या रविवारच्या पार्टीतलं कोण तिच्यासाठी भांडणारे?"

"कुठून तरी सुरुवात करायला हवी ना, शुभदा."

"हो. पण सुरुवात नेहमी तुमच्यापासूनच का होते?"

मी चिडलो. "मग काय, आम्ही लग्नच करायचं नाही?"

"कर की. सही कुणी केली तुझ्या कागदावर? फक्त 'सगळ्यांचं झालं' असं म्हणू नकोस."

आपला वाद तिथे थांबला, कारण केल्विन आइस्क्रीम घेऊन आला. नंतर तो पुन्हा सुरू करायला आपल्याला वेळच मिळाला नाही. तू आजारी पडलीस.

स्वादुपिंडाचं निघालं, आणि निघालं तेव्हा पसरलेलं होतं. तू अकाउंट्सवाली. पंधरा दिवसांत सगळी कागदपत्रं लावून ठेवलीस. तुला बोलता येणार नाही तेव्हा तुझ्या वतीने निर्णय कुणी घ्यायचे, त्या कागदावर माझं नाव घातलंस. मी म्हणालो, "ग्रेसचं घाल. घालता येतं, मी विचारून आलोय."

"घालता येतं," तू म्हणालीस. "आणि मग कुणीतरी म्हणेल, मोलकरणीने आजारी बाईला गुंडाळलं. तिची चौकशी होईल, तीसुद्धा मी नसताना. नको. सही तुझी. पण विचारायचं तिला."

ती वेळ फार लवकर आली. हॉस्पिटलमध्ये तुला चढलेला ताप उतरेना, श्वास लागला. एक तरुण डॉक्टर बाई मला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. ग्रेस मागोमाग आली. डॉक्टर तिला अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही मॅमजवळ थांबलात तरी चालेल. हे घरच्यांशी बोलायचं आहे."

ग्रेस वळली. सवयीने वळली. आणि मी म्हणालो, "तीच घरची आहे. ती तिची बायको आहे."

हा शब्द मी उच्चारला, शुभदा, पहिल्यांदाच. मला वाटलं, अखेर मी काहीतरी केलं. पण ग्रेसचं तोंड पांढरं पडलं. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "सर, असं बोलू नका," ती कुजबुजली. "ती असतानाच मला घरी पाठवतील. प्लीज, सर."

मला धीट व्हायला काय जात होतं? माझा पासपोर्ट इथला, लाल, माझं घर माझं, माझा नवरा संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येणार. तुझं नदीकाठचं बोलणं मला त्या खोलीत कळलं. कळायला फार उशीर लावला मी.

डॉक्टर बाईंनी कोपऱ्यातली तिसरी खुर्ची ओढून टेबलाशी आणली आणि ग्रेसकडे बघून थांबल्या. ग्रेस बसली. व्हेंटिलेटर नको, घरी न्यायचं, हे तिने ठरवलं. मी सही केली.

घरी तू अकरा दिवस होतीस. गुरुवारी दुपारी तीनला मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. माझ्यासमोर ती तुला नेहमी 'मॅम' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "या, सर. शुभ थांबली."

तुझे विनायकदादा आणि वहिनी दुसऱ्या दिवशी मिरजेहून पोचले. दादांना मी पहिल्यांदाच भेटत होतो. निवृत्त शिक्षक, कमी बोलणारे. मांडाईच्या स्मशानात सगळं त्यांनी नीट केलं. ग्रेस मागे उभी होती, तुमच्या ब्लॉकमधल्या तीन हेल्पर बायकांबरोबर. त्या तिघींनी तिला मधे घेतलं होतं. मला वाटतं, त्यांना कधीपासूनच माहीत होतं.

घरी आल्यावर वहिनींनी तुझं कपाट उघडलं. एक सलवार-कमीज काढून ग्रेसला दिली. "फार केलंत हो तुम्ही तिचं," मला म्हणाल्या, "सांगा हिला." ग्रेसने दोन्ही हातांनी घेतली. तिच्या मोजमापाची होती ती, कारण ती तिचीच होती. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

संध्याकाळी दादा म्हणाले, खाली जरा चक्कर मारू. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर आम्ही दोघंच बसलो. ते म्हणाले, "घरात पलंग एकच आहे, हेमंतराव. दुसऱ्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि खोकी. मी आंधळा नाही."

बोलायचं ग्रेसने मला बंद केलं होतं.

"दर शनिवारी तिचा फोन यायचा. ग्रेस हे म्हणाली, ग्रेसने ते केलं. मी म्हणायचो, बरी बाई मिळाली तुला. ती म्हणायची, हो, बरी मिळाली." त्यांनी चष्मा काढला. "तिने मला सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. म्हणूनच सांगितलं नसेल."

मग ते उठले, वर गेले, ग्रेससमोर खुर्ची घेऊन बसले आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाले, "अस्थी. तुम्ही सांगा. तिला काय पाहिजे होतं?"

ग्रेसने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "समुद्र," ती म्हणाली. "पण लांब नको म्हणाली होती. मला बोट लागते म्हणून."

दादांनी ते वहिनींना मराठीत सांगितलं. वहिनींचा हात तोंडाशी गेला. त्यांना दुपारची सलवार-कमीज आठवली असावी.

बोटीत आम्ही चौघं होतो. दादांनी मंत्र म्हटले आणि कलश ग्रेसच्या हातात दिला. तिने तो पाण्यात सोडला, आणि लगेच कठड्यावर वाकून तिला उलट्या सुरू झाल्या. किनारा येईपर्यंत वहिनी तिची पाठ चोळत बसल्या होत्या. बोलायला त्यांची भाषाही एक नव्हती.

राहिलं ग्रेसचं परमिट. मालकच नाही तर परमिट नाही. मी तिला म्हणालो, "माझ्याकडे ये. फक्त कागदावर. काम काही करायचं नाही, हवं तिथे राहा." केल्विननेही फॉर्म आणून ठेवले होते.

ती सोफ्यावर तुझ्या बाजूला बसली होती. म्हणजे ज्या बाजूला तू बसायचीस तिथे. "सर, शुभसाठी मी कागदावर नोकर झाले," ती म्हणाली. "आता कुणासाठी होऊ?"

मग मी ते बोललो, जे तुझ्याशी बोलायचं राहिलं होतं. त्या रविवारची, बर्फाची माफी मागितली. ती गोंधळली. "कुठला बर्फ?" मी सांगितलं. तिने आठवून बघितलं आणि मान हलवली. "सर, किती घरांत किती बर्फ काढलाय मी. मला नाही आठवत." मग म्हणाली, "शुभला आठवत होता?"

"हो."

"मग बास," ती म्हणाली. तू शिकवलेला मराठी शब्द.

मला माफ केलं का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माफी मागणं हे एका ओळीचं काम, आणि मी ते तुझ्या हयातीत केलं नाही, एवढंच खरं.

जाण्याआधी तिने मला तिचं वर्क परमिटचं कार्ड दाखवलं. वर तिचं नाव, खाली मालक म्हणून तुझं. तुमची दोघींची नावं एकत्र असलेला सरकारी कागद तेवढा एकच. कार्ड परत द्यावं लागणार होतं, म्हणून तिने त्याचा फोटो काढून घेतला. चांगी विमानतळावर ती रडली नाही. मी रडलो. तिने मला पाण्याची बाटली दिली आणि आत गेली.

लग्नाच्या कायद्यासाठी मी अजूनही बोलतो, पुढेही बोलेन. तू नको म्हणाली नव्हतीसच. पण परवा आमच्याकडे जेवताना कुणीतरी म्हणालं, "एकदा लग्न मिळालं की सगळं मिळालं," आणि मी म्हणालो, "सगळ्यांना नाही." मग तुझं आणि ग्रेसचं सांगितलं, नावं न घेता. एकाने विषय बदलला. दोघं मात्र जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसले आणि परमिटचे नियम विचारत राहिले. फक्त दोघं. तुला हिशेब आवडायचा म्हणून सांगतो.

आणि काल दुपारी ग्रेसचा फोन आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

तिने तुझा फोटो घरात लावलाय. तिच्या आईने, ऐंशीच्या आहेत त्या, विचारलं, ही कोण? ग्रेसने खरं सांगितलं. त्यांच्या भाषेत नवऱ्याला आणि बायकोला शब्द एकच आहे म्हणे, 'असावा'. ती म्हणाली, माझी असावा. म्हातारी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून बसली आणि म्हणाली, मेलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये. हिला काय आवडायचं?

"मला माहीत आहे तिला काय आवडायचं," ग्रेस म्हणाली. "पण आई विचारते, लहान असताना काय आवडायचं? ते मला नाही माहीत, सर."

मलाही माहीत नव्हतं, शुभदा. बावीस वर्षांत मी तुला ते विचारलं नव्हतं. मी तिला थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून मिरजेला दादांना लावला. काय झालं ते सांगितलं, सगळं, म्हातारीच्या दोन दिवसांच्या अबोल्यासकट.

दादा म्हणाले, "साखरभात." आणि सांगायला लागले. तांदूळ आधी तुपात परतायचा. लवंगा चार, तिला पाच लागायच्या. लिंबू शेवटी. तिकडे केशर मिळतं का? नसलं तरी चालेल, आमच्याकडेही नेहमी नसायचं. मी एका कानाने मराठी ऐकत होतो, दुसऱ्या फोनवर इंग्रजीत सांगत होतो, ग्रेस तिच्या भाषेत आईला सांगत होती, आणि म्हातारी मधेच काहीतरी विचारत होती. लवंगा अख्ख्या की कुटून, ते.

"अख्ख्या," दादा म्हणाले. वहिनी मागून ओरडल्या, "आणि पाणी दुप्पट म्हणावं!"

सगळं सांगून झालं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "हेमंतराव, एक मिनिट. शुभदाच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा."

मी सांगितला.